पाटीवर लिहिलेला संगणक

या उन्हाळ्यात आमच्या पिंपळगाव रेणुकाईत १९८१ सालचा एक ब्रिटिश संगणक चालू झाला. तो कुणी विलायतेहून आणला नव्हता आणि भंगारातूनही उचलला नव्हता. बोटभर लांबीच्या एका पट्टीवर तो नव्याने घडवला होता. घडवणारा माझा भाचा, आपाचा धाकटा मुलगा. छत्रपती संभाजीनगरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात त्याचं शेवटचं वर्ष नुकतंच संपलं आहे.

आधी घरातली गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळेच मी या भानगडीत पडलो. आमचं गाव मिरचीचं. उन्हाळी मिरचीचा तोडा सुरू झाला की बाजारात पाय ठेवायला जागा नसते, आणि गावातली अर्धी लग्नं, अर्ध्या फिया आणि बरीच कर्जं त्या हिरव्या ढिगांवर अवलंबून असतात. आपाच्या दोन्ही मुलांचं शिक्षण मिरचीवरच झालं. भाच्याला एका सॉफ्टवेअर कंपनीचं नेमणूकपत्र आलं होतं आणि जुलैत हजर व्हायचं होतं. त्याने घरी सांगितलं, मी जात नाही. मी एक वर्ष गेटचा अभ्यास करतो, मला चिपच्या डिझाइनमध्ये जायचंय. दुल्हेभाई काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हाच जास्त काळजी वाटते. आपाने मला बोलावलं. (घरात आम्ही दखनी बोलतो, इथे मराठीत लिहितो.) म्हणाली, "तू मास्तर आहेस, तुझं ऐकेल तो. दिवसभर टीव्हीला काहीतरी जोडून बसतो. विचारलं तर म्हणतो, चाळीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर बनवतोय. अरे, आता नवे मिळतात ना दुकानात?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी उत्तर शोधायला म्हणून त्याच्यापाशी जाऊन बसलो, आणि मग आठवडाभर जात राहिलो.

पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं होती: 'बीबीसी कॉम्प्युटर ३२ के'. खाली 'बेसिक', आणि त्याखाली एक बाणाचं टोक लुकलुकत होतं. ते पाहिलं आणि मला आठवीचा वर्ग आठवला. १९९४-९५ चं साल असेल. मी ज्या शाळेत होतो तिथे एका कुलूपबंद खोलीत कापडाखाली असाच एक संगणक होता. मळकट पांढरी पेटी, काळ्या कळा आणि वरच्या ओळीत लालभडक कळा. सर वर्षातून एकदा चपला बाहेर काढायला लावून आम्हाला आत न्यायचे, लांबून दाखवायचे आणि परत आणायचे. पुढे त्याचं निर्लेखन झालं. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये एक ओळ आली आणि यंत्र गेलं.

ही यंत्रं आपल्याकडे आली कशी, हे आज फार कुणाला माहीत नाही. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स, त्याची आद्याक्षरं. पहिल्या टप्प्यात देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांना संगणक मिळाले आणि त्यासाठी निवडलं गेलं ते केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचं बीबीसी मायक्रो. बीबीसीने संगणक साक्षरतेचा कार्यक्रम आखला होता, त्याच्या जोडीला हे यंत्र १९८१ च्या अखेरीस बाजारात आलं होतं. भारतात मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेडने त्याची परवान्याखालची आवृत्ती काढली. तिचं नाव 'युनिकॉर्न'. या नावांकडे मी पुन्हा येणार आहे.

आता भाच्याने नेमकं केलं काय? मी त्याला म्हटलं, मला सातवीच्या पोराला सांगतोस तसं सांग. त्याने सांगितलं ते मी माझ्या भाषेत मांडतो.

नेहमीची चिप म्हणजे छापील पुस्तक. कारखान्यात एकदा छापलं की त्यातलं अक्षर बदलत नाही. दुसरी एक जात असते, तिला एफपीजीए म्हणतात. फील्ड प्रोग्रॅमेबल गेट अॅरे. ती म्हणजे पाटी. तिच्यावर हवं ते सर्किट लिहा, पुसा, दुसरं लिहा. अमेरिकेत १९८४ मध्ये रॉस फ्रीमन आणि त्यांच्या दोन साथीदारांनी झायलिंक्स ही कंपनी काढली आणि १९८५ मध्ये अशी पहिली चिप विकायला आणली. तिच्यात ६४ घरं होती. भाच्याच्या पट्टीवरच्या चिपमध्ये अशी वीस हजारांहून जास्त घरं आहेत, आणि ती पट्टी साडेतीन हजारांच्या आसपास आली.

घर म्हणजे काय? तर एक छोटा तक्ता. चार तारा आत येतात, प्रत्येकीवर शून्य किंवा एक. चार तारांच्या एकूण जोडण्या सोळा. सोळा ओळींचा तक्ता करायचा आणि प्रत्येक ओळीपुढे उत्तर लिहायचं, शून्य की एक. पाढ्यांचं पुस्तक असतं तसंच. ती सोळा उत्तरं बदलली की तेच घर वेगळं काम करतं. असे ६५,५३६ वेगवेगळे तक्ते एका घरात भरता येतात. मग अशी हजारो घरं एकमेकांना कशी जोडायची तेही लिहायचं. हे सगळं हाताने कुणी भरत नाही. व्हेरिलॉग नावाच्या भाषेत सर्किटचं वर्णन लिहायचं, संगणक त्याचे तक्ते आणि जोडण्या करून देतो. ही भाषा १९८४ च्या सुमारास गेटवे नावाच्या कंपनीत तयार झाली. ती घडवणारे फिल मूरबी आणि कंपनीचे संस्थापक प्रभू गोयल. गोयल हे आयआयटी कानपूरचे विद्यार्थी.

मी विचारलं, पण जुने संगणक लॅपटॉपवर फुकट चालतात म्हणे. मग ही उठाठेव कशाला?

यावर भाचा खुलला. लॅपटॉपवर चालतो तो एम्युलेटर. तो म्हणजे एकपात्री प्रयोग. एकच नट टोपी बदलून सासू होतो, लगेच जावई होतो, मग पोस्टमन. नट इतका चपळ असतो की आपल्याला पाच माणसं दिसतात, पण रंगमंचावर असतो एकटाच. एफपीजीएमध्ये प्रत्येक पात्राला स्वतःचा नट मिळतो. प्रोसेसरचं सर्किट वेगळं, पडद्याचं वेगळं, आवाजाचं वेगळं, आणि सगळी एकाच ठोक्यावर, एकाच वेळी काम करतात. मूळ यंत्रात होतं तसंच.

आता मास्तरच्या मनात पुढचा प्रश्न येणारच: मूळ यंत्रात कसं होतं, हे यांना कळलं कुठून? इथून पुढची हकीकत मला सगळ्यात आवडली.

बीबीसी मायक्रोचा प्रोसेसर ६५०२. तो १९७५ चा. चक पेडल आणि त्यांच्या साथीदारांनी तो फक्त २५ डॉलरला विकून सगळा बाजार हलवला. एपलचा दुसरा संगणकही याच्यावर आणि बीबीसी मायक्रोही याच्यावर. त्याचे मूळ नकाशे उत्साही लोकांच्या हाती नव्हते. २०१० च्या सुमारास काही जणांनी ती चिप उघडली, सूक्ष्मदर्शकाखाली तिचे फोटो काढले आणि साडेतीन हजारांच्या आसपासचे सगळे ट्रान्झिस्टर आणि त्यांच्यातल्या वाटा एकेक करून काढून घेतल्या. सिंक्लेअर स्पेक्ट्रम हा दुसरा गाजलेला घरगुती संगणक, १९८२ चा. त्याचीच एक आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' नावाने विकली होती. त्याचा प्राण म्हणजे यूएलए नावाची एक चिप, फेरांटी कंपनीची. ख्रिस स्मिथ नावाच्या अभियंत्याने तिचा उलटा अभ्यास करून २०१० मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. गंमत अशी की, यूएलए हीसुद्धा अर्धी पाटीच होती. कारखान्यात गेटांची कोरी जाळी तयार असायची आणि गिऱ्हाइकाच्या गरजेप्रमाणे शेवटचा जोडण्यांचा थर तेवढा वेगळा द्यायचे. फक्त लिहिल्यावर पुसता येत नसे.

या कामाची परंपरा आता वीस वर्षांची आहे. नेदरलँड्सच्या डेनिस व्हॅन वीरेन यांनी अमिगा हा संगणक असा पुन्हा उभा केला आणि २००७ मध्ये त्याचं सगळं डिझाइन लोकांना खुलं दिलं. २०१७ पासून 'मिस्टर' नावाचा खुला प्रकल्प चालू आहे. त्यात एकाच बोर्डवर डझनावारी जुने संगणक आणि खेळाची यंत्रं आलटून पालटून लिहिता येतात. त्याच वर्षी 'स्पेक्ट्रम नेक्स्ट' या यंत्रासाठी लोकांनी वर्गणीतून सात लाख पौंडांहून जास्त रक्कम जमवली. दुसरीकडे मूळ चिपांचे कारखाने एकेक थांबत आहेत. स्पेक्ट्रमचा झेड-८० प्रोसेसर १९७६ पासून विकला जात होता. २०२४ मध्ये कंपनीने त्याच्या शेवटच्या मागण्या घेतल्या आणि ती पाटी पुसून टाकली. चुकलो, ते पुस्तक छापणं बंद केलं.

जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करायची तर त्याचे दोषही उतरवावे लागतात. ६५०२ च्या पुस्तकात १५१ आज्ञा दिल्या आहेत, पण आज्ञेसाठी जागा २५६. उरलेल्या आकड्यांना अधिकृत अर्थ नाही. तरी ते दिले तर चिप काहीतरी करतेच, आणि तेव्हाच्या काही हुशार पोरांनी आपल्या खेळांत त्याचाच उपयोग करून घेतला होता. एक उडी मारण्याची आज्ञा तर पत्ता विशिष्ट ठिकाणी आला की चुकीच्या जागेवरून वाचते. नव्या घडवणीत ही चूक दुरुस्त केली तर यंत्र 'चांगलं' होतं, पण मग ते ६५०२ राहत नाही.

मराठीत आपण हिणवून म्हणतो, मक्षिकास्थाने मक्षिका. पोथीत माशी चिरडून चिकटली होती, तर नक्कल करणाऱ्याने तिथे माशी मारून चिकटवली. उर्दूतही शब्दशः तीच म्हण आहे, मक्खी पे मक्खी मारना. दोन्ही भाषा शिकवताना ही म्हण मी दरवर्षी मुलांना ठोठ्या नक्कलबाजांसाठी सांगतो. पण इथे माशी हाच पुरावा आहे. माशी जागेवर असेल तरच नक्कल खरी.

जुन्या कातिबांच्या कामात एक टप्पा असायचा, त्याला 'मुकाबला' म्हणतात. मराठीत मुकाबला म्हणजे सामना, लढत. तिथे त्याचा अर्थ वेगळा: लिहून झालेली प्रत आणि मूळ प्रत समोरासमोर ठेवायची, एकाने वाचायचं, दुसऱ्याने ओळीवर बोट ठेवून पडताळायचं. भाचा रात्री दोन-दोनपर्यंत हेच करत होता. ६५०२ साठी लोकांनी चाचण्या लिहून ठेवल्या आहेत. त्या एकेक चालवायच्या, आणि मूळ चिपचं उत्तर आणि आपलं उत्तर जुळतं का ते पाहायचं.

त्याच्या महाविद्यालयातले एक मार्गदर्शक त्याला म्हणाले होते की हे सगळं इंटरनेटवर तयार मिळतं, यात तुझं काय? हा आक्षेपही मी त्याच्यापुढे ठेवला. तो रागावला नाही. म्हणाला, "मामू, प्रोसेसर माझा नाही, तो मी घेतला. पडद्याचा भाग मी स्वतः लिहिला. चला दाखवतो." आणि त्याने त्याची वही काढली.

बीबीसी मायक्रोची एक खुबी होती. त्याची मेमरी त्या काळच्या मानाने दुप्पट वेगाची. प्रोसेसर सेकंदाला वीस लाख वेळा तिच्याकडे जातो आणि पडद्याचं सर्किटही तितक्याच वेळा. दोघांच्या पाळ्या एकाआड एक लावलेल्या. विहीर एक, मोटा दोन, एक वर येते तेव्हा दुसरी खाली जाते. कुणी कुणाला अडवत नाही. भाच्याने पहिल्यांदा लिहिलं तेव्हा प्रोसेसर जिथे जिथे लिहायचा, तिथे पडद्यावर पांढरे ठिपके उधळायचे, जोंधळे फेकल्यासारखे. चार दिवस त्याने पडद्याचा भाग तपासला. दोष पाळीत होता. एका ठोक्याच्या कडेला दोन्ही मोटा एकाच वेळी पाण्याला लागत होत्या. वहीत त्याने ठोक्यांच्या रेघा काढल्या होत्या, पानंच्या पानं, शिवणकामाच्या नमुन्यांसारखी. ज्या पानावर पाळी सापडली तिथे तारीख आणि वेळ लिहिली होती: पहाटे ३.४०. डाउनलोड करणाऱ्याला अशी तारीख लिहावी लागत नाही, एवढं कळायला मला अभियंता व्हायची गरज नव्हती.

मी बसलो असताना एकदा लाईट गेली. पडदा काळा झाला आणि मी म्हटलं, गेलं का सगळं? तो म्हणाला, पाटी पुसली गेली, पण धडा वेगळ्या चिपमध्ये ठेवलाय. तासाभराने लाईट आली आणि दुसऱ्या क्षणी 'बीबीसी कॉम्प्युटर ३२ के' हजर. या पाटीचा स्वभावच तसा: वीज गेली की कोरी, वीज आली की शेजारच्या साठवणीतून पुन्हा लिहिली जाते. वीस हजार घरांचे तक्ते डोळ्याचं पातं लवायच्या आत भरले जातात.

हा माझा विषय नाही, मी भाषेचा मास्तर. मला हात घालायला मिळाला तो अक्षरांमुळे. या यंत्रात एक सोय आहे, व्हीडीयू २३. तिने स्वतःचं अक्षर घडवता येतं. आठ बाय आठ चौकटी, म्हणजे ६४ ठिपके. प्रत्येक आडव्या ओळीचा एक आकडा: डावीकडून चौकटींची किंमत १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. भरलेल्या चौकटींची बेरीज करायची. आठ ओळी, आठ आकडे, एक अक्षर.

मी चौकटीची वही घेतली आणि उर्दूचा 'बे' काढला. 'बे' म्हणजे होडी आणि तिच्याखाली एक नुक्ता. आकडे आले: ०, ०, ०, १२९, १२९, १२६, ०, २४. भाच्याने ते टाकले आणि पडद्यावर होडी उमटली. शेवटचा २४ म्हणजे खालचा नुक्ता. तो काढून वर ३६ ठेवला की दोन नुक्ते वर जातात आणि 'बे'चा 'ते' होतो. होडी तीच. पहिलीच्या मुलांना 'बे', 'पे', 'ते', 'से' शिकवताना मी हेच तर सांगत असतो की आकार एक, नुक्ते वेगळे. ते मला पहिल्यांदा आकड्यांत दिसलं.

देवनागरीने मात्र घाम काढला. शिरोरेघेला एक ओळ गेली, वेलांटीला वर दोन हव्यात, उकाराला खाली दोन. मधे उरतात तीन, आणि त्यात 'क्ष' बसवायचा! आणि उर्दू उजवीकडून लिहायची, तर या यंत्राला फक्त डावीकडून चालता येतं. मग प्रत्येक अक्षराला जागा सांगून बसवायचं, स्तंभ ३९ पासून शून्याकडे उलटं मोजत. दोन दिवसांत आम्ही 'पिंपळगाव' दोन्ही लिप्यांत लिहिलं. उर्दूचं जरा तुटक, कारण जोडअक्षरांची रूपं वेगळी काढावी लागतात. पण वाचता येत होतं.

शाळा उघडल्यावर ते सातवीच्या वर्गात नेलं. जोडायला वर्गातला टीव्ही होता. मुलांना पट्टी दाखवली, चौकटीची पानं वाटली आणि म्हटलं, आपापल्या नावाचं पहिलं अक्षर काढा, ओळींची बेरीज करा. एरवी बेरजेला नाक मुरडणारी पोरं १२८ अधिक १६ अधिक २ करत बसली. एका मुलीची बेरीज एका ओळीत चुकली आणि पडद्यावर तिच्या 'जीम'चं पोट फुटलं. वर्ग हसला, तीही हसली. तिने तिचं पान पाहिलं, ओळ शोधली, आकडा बदलून आणला. तिला कुणी काही सांगितलं नाही.

त्याच मुलांच्या घरी मोबाइल आहेत. त्यातलं अक्षर कसं उमटतं हे त्यांना कुणी दाखवू शकत नाही, कारण तिथवर पोचायला शंभर थर ओलांडावे लागतात. या जुन्या यंत्रात थर कमी आहेत. बोट ठेवलं की तळ लागतो. नव्या यंत्रांच्या काळात जुन्या यंत्राचा मला दिसलेला उपयोग हा.

पण मग हे 'मूळ' आहे का? त्यात एकॉर्नची एकही चिप नाही, ती पेटी नाही, त्या लाल कळा नाहीत. माझ्या मनात उत्तर येतं ते आमच्याच तालुक्यातलं. भोकरदन तालुक्यात जाळीचा देव हे महानुभावांचं मोठं ठिकाण आहे. महानुभावांचा लीळाचरित्र हा ग्रंथ म्हाइंभटांनी गावोगाव फिरून चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून तेराव्या शतकात सिद्ध केला. देवगिरीवर दिल्लीच्या फौजा आल्या त्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असं परंपरा सांगते. हिराइसेला ती पाठ होती. तिच्या आठवणीवरून ग्रंथ पुन्हा लिहिला गेला. पुढे त्याचे निरनिराळे पाठ झाले आणि अभ्यासक ते अजून ताडून पाहतात. मराठी गद्याचा आरंभ म्हणून आपण जो ग्रंथ शिकवतो तो असा परत आलेला आहे. त्याला नकली कुणी म्हणत नाही. कागद जाईल, चिप जळेल. आतली रचना कुणाला तरी पुरती पाठ हवी.

आपल्या स्वतःच्या यंत्रांबद्दल मात्र ही चिंता मला वाटते. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड काढलं होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं काम १९८८ मध्ये पुण्यात आलं, आणि ते कार्ड साध्या पीसीच्या खाचेत बसवलं की इंग्रजीसाठी केलेल्या प्रोग्रॅममध्ये भारतीय लिप्या दिसू लागत. देवनागरीला पडद्यावर जागा मिळवून देणारं ते हार्डवेअर होतं. मी भाच्याला विचारलं, हे पुन्हा घडवता येईल? तो म्हणाला, "येईल ना. एक चालू कार्ड हातात पाहिजे, नाहीतर त्याचे कागद." इंग्रजांनी आपला शाळकरी संगणक ट्रान्झिस्टरपर्यंत पाठ करून ठेवला. आपल्या कार्यालयांच्या अडगळीत कुठे एखादं कार्ड असेल, तर वाचकहो, ते निर्लेखनाच्या ढिगात जाऊ देऊ नका.

आता आपाचा प्रश्न. मला तिला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. पहिली अशी: बीबीसी मायक्रो करणाऱ्या एकॉर्नच्याच लोकांनी पुढे नवा प्रोसेसर आखला. एप्रिल १९८५ मध्ये त्याची पहिली चिप चालू झाली ती बीबीसी मायक्रोलाच जोडून. तिचं नाव एआरएम. आपाच्या हातातल्या मोबाइलमध्ये त्याच घराण्याचा प्रोसेसर आहे. दुसरी अशी: मोहालीच्या ज्या कारखान्याने 'युनिकॉर्न' काढला, तो फेब्रुवारी १९८९ मध्ये आगीत जळाला आणि सावरायला त्याला वर्षं लागली. आयआयटी मुंबईत प्राध्यापक माधव देसाई यांच्या गटाने 'अजित' नावाचा प्रोसेसर आखला, २०१९ मध्ये तो जाहीर झाला, आणि त्याची चिप त्याच मोहालीत घडली. आज कुठलाही नवा प्रोसेसर कारखान्यात पाठवण्याआधी तो एफपीजीएच्या पाटीवर लिहून चालवून पाहतात, कारण कारखान्यात छापल्यावर चूक सापडली तर कोट्यवधी रुपये बुडतात. तुझा मुलगा जे जुन्या संगणकावर शिकतोय, ते हेच काम आहे.

आपाने सगळं ऐकलं. मग एकच विचारलं, "आणि परीक्षा नाही निघाली तर?"

याला माझ्याकडे तोडगा नव्हता. गेटला लाखो मुलं बसतात. नेमणूकपत्र वर्षभर थांबत नाही. मी तिला तसंच सांगितलं, गोड करून सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की मी त्याची वही पाहिली आहे, आणि वीस वर्षांच्या नोकरीत अशी वही मी फार थोड्या विद्यार्थ्यांकडे पाहिली.

संध्याकाळी दुल्हेभाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. ते ठिबकच्या नळ्या आवळत होते. म्हणाले, फेब्रुवारीपर्यंत. तोवर सकाळी शेतात यायचं, मजुरांचा हिशेब त्याने ठेवायचा, आणि दुसऱ्या तोड्याचे पैसे त्याच्या पुस्तकांना. पुढे काय ते पुढे. भाच्याने मान हलवली. नेमणूकपत्राला नकार त्याने त्याच रात्री पाठवला, आणि पाठवण्याआधी मला दाखवला. इंग्रजीत एक चूक होती, ती मी दुरुस्त करून दिली.